भाषणातलं गाव शोधत पुण्याभोवती

मी बार्शीचा, निवृत्त शिक्षक. निवडणुका लागल्या की माझ्या ओट्यावर माणसं येतात ती भाषणं लिहून घ्यायला. जिल्हा परिषद, बाजार समिती, कधी साखर कारखाना. पक्ष कुठला हे मी विचारत नाही, कारण पहिला परिच्छेद सगळ्यांना एकच लागतो. ‘मी मातीतला माणूस.’ ‘शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो.’ ‘खरा देश खेड्यात आहे.’ इथं टाळ्या. मग शिवराय, मग जवान, मग किसान, आणि शेवटी शहरात एसीत बसून देशाला नावं ठेवणाऱ्यांचा समाचार. बोलणारा बहुधा कोथरूडला फ्लॅट घेऊन असतो आणि मतदानापुरता गावी येतो, पण ते लिहायचं नसतं.

दिवाळीनंतर हाताला काम नव्हतं. भाची सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करते. तिला म्हटलं, गावाचं आणि देशाचं हे बोलणं ज्यांच्यामुळे आपल्याकडे रुजलं त्यांतले बरेच जण पुण्याच्या आसपास सापडतात, जरा फिरून येऊ. ती म्हणाली, “चालेल मामा, पण तिकिटं तुमची.”

शुक्रवार

स्वारगेटला एसटीतून उतरलो तोच समोर फ्लेक्सची रांग. एकावर ‘भूमिपुत्र’, दुसऱ्यावर ‘आपला माणूस’. तिसऱ्यावर फेटा बांधलेला तरुण, मागे बैलजोडी, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. बैल नेटवरून उतरवलेले दिसत होते. खिलार तरी घ्यायचे, हे उत्तरेकडचे कुठले तरी. असल्या गोष्टी मतदाराच्या लगेच लक्षात येतात, फ्लेक्स करणाऱ्याच्या येत नाहीत.

भाचीला घेऊन मंडईत गेलो. ही इमारत १८८६ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. पुढे सासवडचे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकारानं मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं. बाहेर टिळकांचा पुतळा आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडलेला. एका मेथीवालीपाशी उभं राहून आम्ही हिशेब मांडला. टिळक जन्मले रत्नागिरीला. गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे. फुल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. अत्रे सासवडचे. पुण्याची म्हणून जी नावं घेतली जातात ती सगळी गावाकडून आलेली. मेथीवाली स्वतः मुळशीची निघाली आणि पेठेतल्या गिऱ्हाइकांविषयी तिनं जे मत दिलं ते इथं लिहिता येणार नाही.

तिथून गंज पेठेत फुलेवाड्यात. मला खरं इथंच यायचं होतं. २ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. सगळे ठेवणीतले कपडे घालून आले आणि फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेशात. आता हेच आमच्या एखाद्या उमेदवारानं केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती आणि फोटो पहिल्या पानावर येईल असं पाहिलं असतं. फुले काही हातावर पोट असलेले शेतकरी नव्हते. बांधकामाची कंत्राटं घेणारे, खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवणारे, पालिकेचे सदस्य राहिलेले, शहरात घर असलेले. म्हणजे वेश घेतलेलाच होता. पण तो अंगावर घेऊन ते बोलले काय, तर शेतकऱ्याच्या दारिद्र्याबद्दल आणि त्याच्या पोरांच्या शिक्षणाबद्दल. समोर बसलेली तालेवार मंडळी म्हणजे देश नव्हे, असं त्यांनी पाहुण्याला सुनावलं. खेडं किती निर्मळ, शेतकरी किती भोळा, यातलं काही नाही. त्याआधी पाच वर्षं, १८८३ मध्ये, शेतकऱ्याच्या अवस्थेवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्यात सारा आहे, सावकार आहे, कोर्टकचेरी आहे, पाण्याची बोंब आहे, भटजींची दक्षिणा आहे. आणि राष्ट्राविषयी त्यांचं म्हणणं असं की शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकून विचार करण्याजोगे होऊन एकमय होत नाहीत तोवर ‘नेशन’ कसलं? काँग्रेस तेव्हा नवी होती. हा प्रश्न तिच्या मंडपात कुणाला रुचला असेल?

भाचीनं विचारलं, “तुमच्या भाषणांत फुले येतात का?” येतात. शाहू आणि आंबेडकरांच्या मध्ये, एका श्वासात.

केसरीवाड्यात फार वेळ काढला नाही. टिळकांना विरोधक ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून हिणवायचे आणि आज ती पदवी झाली आहे. अथणीच्या सभेत कुणब्यांनी कौन्सिलात जाऊन काय नांगर हाकायचाय, अशा अर्थाचं ते बोलले, त्यावरून उठलेला वादही त्याच खात्यावर आहे. पुढारी एकच, सभा वेगळ्या. माझ्या धंद्यात हे रोजचं.

रात्री भाचीच्या मेसमध्ये जेवलो. टेबलाला बीडचा एक, परभणीची एक, सांगोल्याचे दोघे. सदाशिव पेठेत आता बोली ऐकायला येते ती ही, मराठवाड्याची आणि दुष्काळी पट्ट्याची. मार्च २०२१ मध्ये परीक्षा पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरली ती हीच पोरं. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे निबंधांचा सराव चालू होता आणि क्लासनं विषय दिला होता ‘लहान गावांची मूल्ये आणि राष्ट्राची ओळख’. मी मनात म्हटलं, हा तर माझा पहिला परिच्छेद.

परभणीच्या मुलीनं अमेरिकेचं उदाहरण घेतलं होतं आणि चांगलं मांडलं होतं. २००८च्या सप्टेंबरात उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन पक्षाच्या अधिवेशनात म्हणाल्या की प्रामाणिक, सालस माणसं लहान गावांत पिकतात. त्या स्वतः अलास्कातल्या वसिला नावाच्या गावच्या माजी महापौर. पुढच्या महिन्यात ग्रीन्सबरोला त्या याच्याही पुढे गेल्या: खरी अमेरिका, अमेरिकेवर प्रेम करणारे भाग, ते हे लहान गावांचे. मग उरलेले कोण, असा गदारोळ झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओबामा सॅन फ्रान्सिस्कोतल्या देणगीदारांपुढे बोलले होते की रोजगार गेलेल्या लहान गावांतली माणसं कडवट होऊन बंदुकीला आणि धर्माला चिकटतात. तेही अंगाशी आलं. एकानं गावाला देव्हाऱ्यात बसवलं, दुसऱ्यानं दवाखान्यात. मुलीनं लिहिलं होतं, ‘दोन्ही वेळा गाव श्रोत्यांत नव्हते.’ या वाक्याला मी पैकीच्या पैकी दिले असते. सांगोल्याचा एक जण म्हणाला, “मॅडम, पण आपल्याकडं गाव श्रोत्यांत असतं की. वडापनं आणत्यात.”

शनिवार

पुणे स्टेशनवरून दौंडकडच्या गाडीनं उरुळी कांचन. गाडीत दूधवाले, कामाला जाणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं. हडपसर सुटल्यावर जरा बसायला मिळालं.

गांधी उरुळीला मार्च १९४६ मध्ये आले. त्याआधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात काम करायचं ठरलं होतं, पण गरीब खेडूत उपचारासाठी शहरात येणार नाही, आपणच त्याच्याकडे गेलं पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी उरुळी निवडली. आश्रम मणिभाई देसाई या सुरतकडच्या तरुणाच्या हाती दिला. मणिभाई राहिले ते कायमचे. गाईगुरांच्या पैदाशीवर त्यांनी काम उभं केलं, १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था काढली, १९८२ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. गावावर प्रेम करणाऱ्यानं काय करावं, तर संकरित गाई आणाव्यात. हे भाषणात नीट बसत नाही, मी प्रयत्न केलेला आहे.

आश्रमात शांत होतं. आवारात झाडं, उपचाराला आलेली शहरी मंडळी संथ पावलांनी चकरा मारत होती. गरीब खेडूत मला तिथं फार दिसले नाहीत, आवार झाडणारे सोडले तर.

परतीच्या गाडीची वाट पाहताना भाचीनं मोबाईलवर नोट्स उघडल्या. गांधी आणि नेहरू यांचा ऑक्टोबर १९४५चा पत्रव्यवहार तिचा पाठ होता. नेहरूंनी लिहिलं होतं की खेड्यात सत्य आणि अहिंसा असलीच पाहिजे हे मला समजत नाही. खेडं हे बुद्धीनं आणि संस्कृतीनं मागासलेलंच असतं. पण त्याच्या आधीच्या पत्रात गांधींनी जे सांगून ठेवलंय ते कुणी वाचत नाही: मी आजच्या खेड्यांबद्दल बोलतोय असं समजू नका, माझं खेडं अजून माझ्या कल्पनेतच आहे. आणि तीन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, घटना समितीत आंबेडकरांनी विचारलं की खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, यापेक्षा दुसरं काय आहे? त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम घटनेत आलं, आजचं कलम ४०, आणि आंबेडकरांनी ते मान्यही केलं.

मला या तिघांत भांडण कमी दिसतं. गांधी म्हणतात माझं गाव अजून व्हायचंय, आंबेडकर म्हणतात आहे ते गाव असं आहे. लहानपणापासून अस्पृश्यता भोगलेल्या माणसाला वेशीच्या आतलं आणि बाहेरचं गाव कसं असतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही भाषणं लिहिणारे गांधींचं कल्पनेतलं गाव उचलतो आणि ते आजचंच आहे म्हणून विकतो. त्या गावाला वेस असते, पण वेशीबाहेर कुणी राहत नाही.

रविवार

सासवडच्या पीएमपीएमएल बसमध्ये उभं राहून फुरसुंगी, उरुळी देवाची ओलांडली. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा इथं येऊन पडला, आंदोलनं झाली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या गेल्या. पुढे ही गावं महापालिकेत घेतली आणि नंतर लोकांच्या मागणीवरून बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुण्यात आली. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रातले शेकडा ४५ लोक शहरी होते. तेव्हा ‘खरा देश खेड्यात’ हे वाक्य मी लिहितो ते कुणासाठी? शहरात राहणाऱ्या पण गाव सुटलं याची चुटपूट लागलेल्या माणसासाठी. सभेत डोळे पुसतो तो तोच. गावात राहणारा त्या वेळी तंबाखू मळत असतो, हे मी स्टेजच्या मागून पाहिलेलं आहे.

दिवे घाटात रुंदीकरणाची धूळ होती. खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो. माउलींची पालखी याच घाटानं चढून सासवडला मुक्कामाला येते. सासवडला कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ पाहिलं, सोपानदेवांच्या समाधीला गेलो. संतांचं, पेशवाईतल्या सरदारांचं आणि अत्र्यांचं हे लहान गाव. अत्र्यांचा जन्म १८९८चा, याच परिसरातला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्या माणसानं हशा आणि टाळ्यांनी हलवल्या त्याला गावाचे गोडवे गाण्याची गरज पडली नाही. त्याला मुंबई पाहिजे होती. १ मे १९६० ला ती मिळाली.

चहाच्या टपरीवर दोन विषय चालू होते, अंजीर आणि विमानतळ. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि याच तालुक्यातली सात गावं विमानतळासाठी ठरली आहेत: वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव. खानवडीचा संबंध फुल्यांच्या घराण्याशी सांगतात. जमिनी देण्याला गावकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे निघाले. टपरीवरचा एक जण म्हणाला, “भाषणात आमची काळी आई असती. मोजणीला आली की तिचा गट नंबर होतो.” दुसऱ्यानं त्याला लगेच अडवलं, “आणि तुझ्या पोराला पुण्यात फ्लॅट कशातनं घ्यायचाय मग?” दोघंही खरं बोलत होते. तिसरा बाकड्यावर पेपर वाचत होता, तो कुणाच्याच बाजूनं बोलला नाही.

तिथंच मला बार्शीहून फोन आला. एका इच्छुकाचा. नगरपालिकेच्या तयारीला लागलाय. म्हणाला, सर, एक झणझणीत लिहून ठेवा, आपली संस्कृती, आपली माती, आणि हे बाहेरून येऊन धंदे टाकतात त्यांच्यावर जरा घ्या. त्याचं स्वतःचं फर्निचरचं दुकान आहे आणि कामाला सगळे राजस्थानी सुतार. लिहितो म्हणालो. पोट आहे.

सोमवार

चाकण. नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, सगळीकडे ट्रॅफिक. भाची दोन वेळा झोपून उठली तरी आम्ही मोशीतच. चाकणला १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाला दोन महिन्यांच्या आसपास झुंजवलं तो संग्रामदुर्ग आहे. त्याच्या पडक्या तटबंदीजवळ जाऊन आलो आणि बाजार समितीत शिरलो. कांद्याच्या गोण्या, हमाल, आडते, घाई.

चाकणला मला आणलं ते शरद जोशींनी. साताऱ्यात जन्म, टपाल खात्यात मोठी नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात अधिकारी. तिथलं सगळं सोडून १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, नाव ठेवलं अंगारमळा. शेती करून पाहिली आणि हिशेब जुळेना. १९७९ ला शेतकरी संघटना उभी केली. कांद्याच्या भावासाठी याच चाकणला रस्ता अडवला, आणि जानेवारी १९८० मध्ये वांद्रे (मुंबईचं नव्हे, खेड तालुक्यातलं) ते चाकण मोर्चा काढला, भामनेरच्या खोऱ्यातल्या रस्त्यासाठी. घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’

‘इंडिया विरुद्ध भारत’ हे त्यांचंच. आज ते कुणीही, कशासाठीही वापरतो, भाषेसाठी, कपड्यांसाठी, मुलींनी किती वाजता घरी यावं यासाठीसुद्धा. जोशींनी वेगळं सांगितलं होतं. ही विभागणी नकाशावरची नाही, गावातला शोषकही इंडियात आणि शहरातल्या झोपडपट्टीतला माणूस हा भारतातून आलेला निर्वासित. गावात राहणाऱ्याचं चारित्र्य चांगलं, हे त्यात कुठंच नाही. त्यात उत्पादनखर्च आहे आणि सरकारनं पाडलेला भाव आहे. पुढे ते खुल्या बाजाराच्या बाजूनं उभे राहिले तेव्हा गावावर प्रेम करणारे पुष्कळ जण त्यांच्यापासून लांब झाले. मला स्वतःला त्यांचं बाजारावरचं प्रेम फार पटत नाही. २०१० साली राज्यसभेत महिला आरक्षणाविरुद्ध एकट्यानं मत दिलं तेही नाही. भाचीला तर मुळीच नाही, ती आंबेठाणच्या रस्त्याला यायलाच तयार नव्हती. पण गावाविषयी बोलताना हुंदका न काढणारा माणूस म्हटलं की मला फुल्यांनंतर हेच आठवतात.

आंबेठाणकडे जाताना दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, कंपन्यांच्या बस, पत्र्याच्या चाळी. ‘भूमिपुत्रांना ८० टक्के नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत’ असा फलक, आणि त्याच्या खाली त्याच भूमिपुत्राचा दुसरा: ‘खोल्या भाड्याने मिळतील, बॅचलर चालतील.’ त्या खोल्यांच्या मालकाला विचारलं, भाडेकरू कुठले? “बिहारचे निम्मे, लातूर-नांदेडचे निम्मे. लातूरवाल्यांना आम्ही बाहेरचेच म्हणतो. भाडं मात्र सगळे एक तारखेला देतात, माझ्या मावसभावाचं सोडून.”

चाकणला परत आलो तेव्हा लिलाव उरकत आले होते. एका आडत्याच्या गाळ्यावर एक म्हातारे भेटले, तेव्हाच्या आंदोलनात होते म्हणाले. रस्त्यावर कांदा कसा ओतला, पोलीस कसे आले, हे सांगतील असं वाटलं. त्यांनी खिशातून वही काढली. बी, रोपं लावणीची मजुरी, खुरपणी, औषध, पाणी, काढणी, गोणी, सुतळी, गाडीभाडं, हमाली, तोलाई, प्रत्येकासमोर रुपये-पैसे. म्हणाले, “साहेबांनी हेच शिकवलं. लढाई नंतर, आधी लिहून काढायचं. माझं हे तेव्हापासून चालू आहे.” बेरजेखाली मिळालेला भाव होता, आणि त्याखाली वजाबाकी लाल पेनानं.

मी काय करतो हे भाचीनं त्यांना सांगून टाकलं. ते हसले. “मग ह्येच वाचून दाखवा की एकदा स्टेजवरनं.”

मी यादी उतरवून घेतली. बसमध्ये भाचीनं ती दोनदा वाचली आणि विचारलं, “मामा, पण यात टाळ्या कुठं घेणार?”

मी म्हटलं, तोलाईवर. शेतकऱ्याचाच माल, वजन करायचं आडत्याच्या काट्यावर, आणि त्याचे पैसे द्यायचे शेतकऱ्यानं. त्या ओळीपाशी जरा थांबायचं, म्हणजे तंबाखू मळणारासुद्धा वर बघतो.